तीन आवर्तने आणि पासष्ट हजार रुपये

सरकारी नोकरीतील माणसाला औषधपाण्याचा खर्च परत मिळतो, ही समजूत इतकी रुळलेली आहे की वंध्यत्वावरचे उपचारही त्यात आपोआप येत असतील असे अनेकांना वाटते. याउलट, हा हौसेचा खर्च असल्याने त्यासाठी सरकार पैसे देणे शक्यच नाही, असे ठामपणे सांगणारेही कमी नसतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांपुरते बोलायचे तर दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये कार्यालयीन ज्ञापन काढून आय.व्ही.एफ. उपचाराच्या खर्चाची प्रतिपूर्ती मान्य केली आणि तिला जास्तीत जास्त तीन आवर्तनांची व प्रत्येक आवर्तनामागे ६५,००० रुपयांची मर्यादा घातली. हे दोन आकडे लक्षात राहतात, पण त्यांच्याभोवती असलेल्या अटींकडे फारसे कोणी पाहत नाही. आणि कोणत्या जोडप्याला प्रत्यक्षात किती लाभ मिळणार, हे आकड्यांपेक्षा त्या अटींवरच ठरते.

ही व्यवस्था काटेकोर अर्थाने विमा नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्यासाठी १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली केंद्र सरकार आरोग्य योजना, म्हणजेच सी.जी.एच.एस., आज मुंबई, पुणे, नागपूर यांसह अनेक शहरांत चालते. तिच्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून वेतनस्तराप्रमाणे दरमहा २५० ते १,००० रुपये कापले जातात आणि उरलेला सारा भार सरकारी तिजोरी उचलते. जिथे ही योजना पोहोचलेली नाही तिथल्या कर्मचाऱ्यांना १९४४ चे केंद्रीय सेवा वैद्यकीय देखभाल नियम लागू होतात. रेल्वे आणि सैन्यदले यांची वैद्यकीय व्यवस्था स्वतंत्र आहे, आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना तर आपापल्या राज्याचेच नियम पाहावे लागतात. विम्यात कंपनी हप्त्याच्या बदल्यात धोका पत्करते. येथे नियोक्ता स्वतःच खर्च देतो, आणि म्हणून काय द्यायचे व काय नाकारायचे हे कोणत्याही कराराने नव्हे, तर मंत्रालयाच्या आदेशाने ठरते.

बाजारात मिळणाऱ्या आरोग्य विम्याशी तुलना केली म्हणजे या फरकाचे महत्त्व कळते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून कोणत्या गोष्टी वगळता येतील याची प्रमाणित यादी केली, त्यात सतराव्या क्रमांकावर वंध्यत्व आहे: कृत्रिम गर्भधारणा, आय.व्ही.एफ. आणि तत्सम तंत्रे, सरोगसी, तसेच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उलटवणे, हे सारे त्या एका कलमात येते. कंपन्यांची यामागची भीती निराधार नाही. घराला आग कधी लागेल हे मालकाला ठाऊक नसते, पण मूल होत नाही हे जोडप्याला विमा घेण्याआधीच ठाऊक असू शकते. मग उपचाराची गरज असलेलेच लोक असा विमा विकत घेतात, हप्ता वाढतो, वाढलेल्या हप्त्यामुळे बाकीचे लोक निघून जातात आणि हप्ता आणखी वाढतो. विमाशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात. नोकरीशी जोडलेल्या सामूहिक योजनेत ही अडचण बव्हंशी उरत नाही, कारण उपचार मिळावा म्हणून कोणी केंद्रीय सेवेची स्पर्धा परीक्षा देत नाही. तरुण, वृद्ध, विवाहित, अविवाहित, मुले असलेले आणि नसलेले असे सगळेच त्या समूहात असतात आणि खर्च सर्वांवर पातळ पसरतो. त्यामुळे जगात या उपचाराला पैसा मिळाला तो बहुधा एकतर सार्वजनिक आरोग्यसेवेतून किंवा मोठ्या नियोक्त्यांच्या योजनांतून.

अटी समजण्यासाठी उपचाराचे टप्पे माहीत असावे लागतात. नियमित आणि साधनाविना शरीरसंबंध असूनही बारा महिने वा अधिक काळ गर्भधारणा न होणे, याला जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्व म्हणते आणि त्याची गणना प्रजनन संस्थेच्या आजारांत करते. जगभरात प्रौढांपैकी साधारण सहातल्या एकाला आयुष्यात केव्हातरी या आजाराचा अनुभव येतो, असे तिने २०२३ मध्ये नोंदवले. प्राथमिक उपचारांत बीज पक्व होऊन बाहेर पडावे म्हणून गोळ्या, गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आय.यू.आय., म्हणजे शुद्ध केलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणे, यांचा समावेश होतो. यांचा उपयोग झाला नाही किंवा होण्याजोगी स्थितीच नसली, तर आय.व्ही.एफ. करतात. त्यात स्त्रीला साधारण दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढवली जातात, सोनोग्राफीने त्यांच्यावर लक्ष ठेवले जाते, शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन सुईने ती बीजे बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांचे फलन घडवतात आणि तीन ते पाच दिवस वाढवलेला भ्रूण गर्भाशयात सोडतात. शुक्राणूंची संख्या वा हालचाल फारच कमी असेल तर एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने बीजात सोडण्याचे इक्सी हे तंत्र वापरतात. उरलेले भ्रूण गोठवून ठेवता येतात आणि पुढे पुन्हा इंजेक्शनांचा फेरा न करता वापरता येतात. हा सगळा फेरा म्हणजे एक आवर्तन. दवाखान्यात मात्र सगळेच त्याला सायकल म्हणतात.

या तंत्राची भारतातली वाटचाल सार्वजनिक रुग्णालयातूनच सुरू झाली, याची आठवण येथे ठेवण्यासारखी आहे. मुंबईच्या परळमधील केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्याच परिसरातील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साधले होते, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. पुढच्या काळात मात्र हा उपचार जवळजवळ पूर्णपणे खासगी केंद्रांच्या हाती गेला, आणि म्हणूनच सरकारी कर्मचाऱ्याला आधी खासगी केंद्राचे बिल स्वतः भरून मग त्या बिलाची प्रतिपूर्ती मागावी लागते.

आता २०११ च्या ज्ञापनातील अटी पाहू. शासकीय वैद्यकीय संस्थेतील स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागाच्या प्रमुखाची शिफारस हवी. उपचार ती सोय असलेल्या शासकीय संस्थेत किंवा नोंदणीकृत खासगी संस्थेत व्हावा. स्त्रीचे वय २१ ते ३९ वर्षांच्या दरम्यान असावे. ती विवाहित असावी आणि पतीसोबत राहत असावी. नेहमीचे उपचार अयशस्वी झाल्याचा स्पष्ट पुरावा असावा. जोडप्याला हयात अपत्य नसावे. आणि हा लाभ यापूर्वी घेतलेला नाही व यापुढे मागणार नाही, असे हमीपत्र कर्मचाऱ्याने द्यावे. प्रत्येक आवर्तनासाठी ६५,००० रुपये किंवा प्रत्यक्ष खर्च, यांपैकी जे कमी असेल ते मिळते, आणि त्या रकमेत औषधे, वापरून टाकायची साधने व देखरेख हे सगळे धरलेले असते.

यातली वयाची अट सर्वाधिक खटकते, पण तिच्यामागे वैद्यकीय आधार आहे. स्त्रीच्या बीजांची संख्या आणि गुणवत्ता पस्तिशीनंतर वेगाने घसरते, चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांवर केलेल्या आय.व्ही.एफ.चे यश झपाट्याने कमी होते, आणि सार्वजनिक पैसा जिथे फळण्याची शक्यता जास्त तिथे खर्च करावा हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. अडचण निर्माण होते ती ही अट इतर अटींशी जोडून वाचल्यावर. नेहमीचे उपचार करून पाहिल्याचा पुरावा जमवण्यात दोन-तीन वर्षे सहज जातात, शिफारशीसाठी शासकीय रुग्णालयात खेटे घालावे लागतात, प्रस्ताव कार्यालयातून वर जातो. आणि नोकरी लागून स्थिरस्थावर झाल्यावर तिशीच्या आसपास लग्न झालेल्या स्त्रीच्या बाबतीत ही सगळी वर्षे त्याच ३९ च्या मर्यादेतून वजा होत जातात. शिवाय दोन्ही बीजवाहिन्या बंद असलेल्या रुग्णाला, आणि भारतात जननेंद्रियांच्या क्षयरोगामुळे असे होण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, गोळ्या वा आय.यू.आय. यांचा उपयोग होणारच नसतो. अशा रुग्णाकडून नेहमीच्या उपचारांच्या अपयशाचा पुरावा मागणे म्हणजे आधी निरुपयोगी उपचार करून या, असे सांगण्यासारखे आहे. विभागप्रमुख समंजस असेल तर तो निदानालाच पुरावा मानतो. नियमाच्या शब्दांत मात्र ही मुभा दिसत नाही.

पतीसोबत राहण्याची अट तर बदलीच्या नोकरीला सरळ छेद देते. नवरा एका जिल्ह्यात आणि बायको दुसऱ्यात, अशी पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीची वाट पाहणारी जोडपी कोणत्याही मोठ्या सरकारी खात्यात सापडतात, आणि त्यांचे वेगळे राहणे हे त्याच सरकारच्या आदेशाचे फळ असते. अटीचा हेतू बहुधा विभक्त जोडप्यांना वगळण्याचा असावा, पण लिहिणाऱ्याने हेतूपेक्षा मोठा शब्द वापरला.

अविवाहित स्त्रियांबाबत कायदा आणि प्रतिपूर्ती यांतली दरी अधिक स्पष्ट दिसते. संसदेने २०२१ मध्ये साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा केला. त्याने केंद्रांची आणि बीजपेढ्यांची नोंदणी बंधनकारक केली, उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरवले आणि जोडप्याखेरीज एकट्या स्त्रीलाही हा उपचार घेता येईल अशी तरतूद केली. म्हणजे ४५ वर्षांची अविवाहित अधिकारी कायदेशीर मार्गाने आय.व्ही.एफ. करून घेऊ शकते, पण २०११ च्या अटींनुसार ती वय आणि विवाह या दोन्ही कसोट्यांवर अपात्र ठरते. जे करायला कायद्याने परवानगी दिली त्या प्रत्येक गोष्टीचा खर्च नियोक्त्याने द्यावा असे नाही, हे खरे; तथापि दहा वर्षांच्या अंतराने एकाच विषयावर केलेली ही दोन लेखने वाचताना, पहिल्यात कुटुंबाची एकच आकृती डोळ्यांसमोर होती आणि दुसऱ्यात ती बदलली होती, हे लपत नाही. पुरुषाबाबतही असेच म्हणता येईल. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत असते, तरीही शिफारस स्त्रीरोग विभागाची, वयाची अट स्त्रीची आणि वैवाहिक स्थितीची चौकशीही स्त्रीची.

पैशाच्या मर्यादेचा एक परिणाम हिशेबात लगेच दिसत नाही. खर्च स्वतःच्या खिशातून जात असेल आणि प्रयत्न मोजके असतील, तर एकाच खेपेत दोन किंवा तीन भ्रूण सोडावेत असा आग्रह जोडपे धरते आणि यशाचा टक्का वाढवू पाहणारे केंद्र त्याला सहसा विरोध करत नाही. यातून जुळी वा तिळी गर्भधारणा होते. तिच्यात मुदतपूर्व प्रसूती, कमी वजनाची बाळे आणि आईचा वाढता रक्तदाब यांचा धोका जास्त, आणि नवजात अतिदक्षता विभागातील बाळाचे बिल आय.व्ही.एफ.च्या बिलाला कितीतरी मागे टाकू शकते. गमतीचा भाग असा की हे बिल तीच योजना विनातक्रार भरते, कारण ते आजारी बाळाचे असते.

बेल्जियमने हा हिशेब उलटा मांडला. त्या देशाने १ जुलै २००३ पासून ४३ वर्षांखालील स्त्रीला आयुष्यात सहा आवर्तनांचा प्रयोगशाळेतील खर्च देण्याचे ठरवले, पण त्या बदल्यात सोडायच्या भ्रूणांची संख्या वयानुसार बांधून दिली. ३६ वर्षांखालील स्त्रीला पहिल्या खेपेस एकच भ्रूण. जुळ्या-तिळ्या गर्भधारणांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि सहा संधी हातात असल्याने एकेक भ्रूण सोडण्याला जोडप्यांचीही हरकत राहिली नाही. नवजात विभागात वाचलेला पैसा उपचाराकडे वळवण्याचा हा व्यवहार होता. कॅनडातील क्यूबेक प्रांताने २०१० मध्ये असेच धोरण स्वीकारले तेव्हा तिथेही बहुगर्भधारणांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावरून काही महिन्यांतच पाच टक्क्यांच्या आत आले. परंतु वयाचे आणि पात्रतेचे बंधन सैल ठेवल्याने मागणी अंदाजापलीकडे गेली, २०१५ मध्ये ती योजना आवरावी लागली आणि २०२१ मध्ये ती परत आली तेव्हा केवळ एका आवर्तनापुरती. अटी अजिबात नकोत असे म्हणणाऱ्यांनी क्यूबेकचा अनुभव पाहावा. इस्रायलने मात्र अपत्यांच्याच संख्येने मर्यादा घातली आहे: दोन मुले होईपर्यंत आणि स्त्री ४५ वर्षांची होईपर्यंत खर्च सरकारचा.

अमेरिकेच्या केंद्र सरकारची पद्धत वेगळ्या दिशेने जाते. तेथे १९५९ च्या कायद्याने आलेल्या संघीय कर्मचारी आरोग्य विमा कार्यक्रमात ऐंशी लाखांहून अधिक माणसे आहेत. सरकार खासगी कंपन्यांच्या अनेक योजना कर्मचाऱ्यापुढे ठेवते, त्याने एक निवडायची आणि हप्त्याचा मोठा भाग सरकारने भरायचा. कोणत्या योजनेत किमान काय असलेच पाहिजे हे कार्मिक व्यवस्थापन कार्यालय ठरवते. कर्करोगासारख्या आजाराच्या उपचारामुळे प्रजननक्षमता जाणार असेल तर बीजे वा शुक्राणू गोठवण्याचा खर्च सर्व योजनांनी द्यावा, असे त्याने २०२३ साठी बंधन घातले. २०२४ पासून कृत्रिम गर्भधारणा आणि वर्षाला तीन आय.व्ही.एफ. आवर्तनांची औषधे सक्तीची केली. प्रत्यक्ष बीजे काढणे, फलन आणि भ्रूण सोडणे हे मात्र सक्तीबाहेर राहिले. परिणामी एखाद्या योजनेत इंजेक्शनांचा खर्च मिळतो आणि प्रयोगशाळेचा मिळत नाही, तर दुसरीकडे ब्लू क्रॉस या विमा कंपनीच्या स्टँडर्ड योजनेने २०२४ मध्ये वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतचा लाभ जाहीर केला. दर वर्षअखेरीस योजना बदलण्याची मुभा असल्याने, उपचाराचा विचार करणारी जोडपी आधी योजनांची माहितीपुस्तके ताडून पाहतात आणि मग योजना बदलतात. म्हणजे सामूहिक योजनेने दाराबाहेर ठेवलेली प्रतिकूल निवड निवडीच्या स्वातंत्र्यातून खिडकीने परत येते. भारतीय केंद्रीय कर्मचाऱ्याला अशी निवड नाही, पण त्याचे सहकारी कोणत्या योजनेत आहेत याची काळजीही त्याला करावी लागत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याची स्थिती याहून निराळी आहे. त्याच्या वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती १९६१ च्या राज्य सेवा वैद्यकीय देखभाल नियमांनी होते, आणि खासगी रुग्णालयातील उपचारासाठी २००५ च्या शासन निर्णयाने २७ आकस्मिक व ५ गंभीर आजारांची यादी आधार धरली जाते. हृदयविकाराचा झटका, अपघात, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यांच्या पंगतीत वंध्यत्व बसत नाही. ते आकस्मिक नसते आणि जिवावर बेतणारेही नसते. त्याच वर्षी आलेल्या लहान कुटुंबाच्या नियमांनी मात्र शासनाने कर्मचाऱ्याच्या अपत्यांची गणती सुरू केली: दोनपेक्षा जास्त अपत्ये असलेला उमेदवार राज्य सेवेतील नियुक्तीस अपात्र ठरतो. एक मूल असलेल्या जोडप्याला पुढच्या एकाच प्रसूतीत जुळे झाले तर ते एकच अपत्य धरावे, इतकी सवलत त्यात आहे. गोव्याने वेगळी वाट धरली: बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये आय.यू.आय. आणि आय.व्ही.एफ.ची विनामूल्य सेवा सुरू झाली. तेथे सरकारी कर्मचारी आणि इतर नागरिक असा भेद नाही आणि बिल भरून प्रतिपूर्तीची वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

केंद्रीय ज्ञापनातील एक शब्द अजून उरतो. प्रतिपूर्ती तीन ‘नव्या’ आवर्तनांना आहे, म्हणजे इंजेक्शनांपासून सुरू होणाऱ्या फेऱ्यांना. गोठवलेला भ्रूण पुढे सोडणे हे त्यात कुठे बसते, ते तो शब्द सांगत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे करणाऱ्या नाइस या संस्थेने हा प्रश्न व्याख्येतच मिटवला: एकदा बीजे वाढवून काढल्यावर तयार झालेले ताजे आणि गोठवलेले असे सगळे भ्रूण वापरून होईपर्यंत एकच पूर्ण आवर्तन. गोठवण्याचे तंत्र सुधारल्यापासून अनेक केंद्रे सगळेच भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात सोडणे पसंत करतात, त्यामुळे या व्याख्येचे वजन २०११ पेक्षा आज पुष्कळ वाढले आहे. पहिल्या आवर्तनातच मूल झाले आणि चार भ्रूण गोठवलेले उरले, तर २०२१ चा कायदा ते दहा वर्षांपर्यंत जपून ठेवू देतो; दुसऱ्या मुलासाठी त्यातला एखादा वापरायचा म्हटले तर हयात अपत्य असल्यामुळे प्रतिपूर्ती बंद झालेली असते, आणि साठवणुकीचे दरसालचे भाडेही कर्मचाऱ्याने स्वतःच भरायचे असते.